दादीच्या पानावर कुणीतरी हसलं

संध्याकाळपासून डोक्यात तेच घोळतंय. वाचनकट्ट्यावर मी राही मासूम रझांची 'टोपी शुक्ला' ही हिंदी कादंबरी वाचत होते आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ हसले. मोठ्यांदा, अगदी मनापासून. आणि हसले तेही नेमके त्या वाक्याला.

टोपी आणि इफ्फन, दोन लहानगे दोस्त. इफ्फनची दादी गेलीय. घर माणसांनी भरलंय, पण टोपीच्या लेखी ते रिकामं झालंय. एवढंसं पोर मित्राचं सांत्वन काय करणार? तो इफ्फनला म्हणतो, तुझ्या दादीऐवजी माझी दादी मेली असती तर बरं झालं असतं. इफ्फनला यावर काय बोलावं ते कळत नाही. मग दोघंही रडत बसतात. या पानापाशी माझा आवाज कधी धड राहिलेला नाही. आज आधी पाणी पिऊन, सावरून वाचत होते. आणि तेवढ्यात ते हसू. त्यांचं ऐकून आणखी दोघंतिघं हसली.

पुढचं मी वाचलं, पण नुसते ओठ हलत होते.

इतकं का लागावं? ती माणसं माझी कुणी नव्हेत, नावंही माहीत नाहीत. वाचनकट्ट्यावर कुणीही यावं, आवडत्या पुस्तकातली चार पानं वाचावीत, एवढंच तर असतं. राही मासूम रझा म्हणजे महाभारत मालिकेचे संवाद लिहिणारे, असं सांगितल्यावर सगळे कसे सरसावून बसले होते. बरं वाटलं होतं. मग ते हसू आलं आणि वाटलं, घरातलं माणूस मी हौसेनं चारचौघांत नेऊन बसवलं आणि त्याचंच हसं झालं. ताई म्हणाली होती, ते पुस्तक नको नेऊस, दुसरं काहीतरी ने. ती का म्हणाली, ते आम्हा दोघींना ठाऊक आहे. असो.

नंतर एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "किती गोड आहे हो!" गोड? राहींनी भूमिकेतच लिहून ठेवलंय, की त्यांच्या आधीच्या 'आधा गाँव' या कादंबरीमध्ये शिव्या होत्या, यात एकही नाही, पण ही सगळी कादंबरीच बहुधा एक घाणेरडी शिवी आहे. इतक्या संतापानं लिहिलेलं पुस्तक. पण बाईंचं मला लागलं नाही. लागलं ते हसूच.

एकटीनं वाचत होते तेच बरं होतं. आपल्याला जे जपून ठेवावंसं वाटतं ते दुसऱ्याच्या हाती द्यावंच कशाला? जेवतानाही हेच चाललं होतं मनात. कुणाशी बोलले नाही.

मग मघाशी ते पान पुन्हा आठवून पाहिलं, त्या गृहस्थांना ऐकू गेलं असेल तसं. त्यांना दादी भेटलेलीच नव्हती. टोपीची आजी सुभद्रादेवी, हिंदू घरातली, पण बोलणं अस्सल उर्दू वळणाचं, आणि नातवाच्या गावठी बोलीवर सदा डोळे वटारलेले. इफ्फनची दादी मौलवीच्या घरची सून, पण टोपीच्या आईसारखीच पूरबी, म्हणजे तीच गावाकडची बोली, बोलणारी. टोपीला स्वतःच्या आजीची भाषा आणि इफ्फनच्या अब्बूंची भाषा सारखीच वाटते. म्हणून तो धावतो दादीकडे. ती ७२ वर्षांची, हा ८ वर्षांचा, दोघंही आपापल्या भरल्या घरात एकटी. तिनं किती वेळा म्हटलं तरी त्यानं तिच्या हातचं काही खाल्लं नाही, तिचं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. आणि प्रेम तरीही तिच्यावरच. (तिच्या हातचं न खाण्याबद्दल मला पुष्कळ लिहायचंय. आज नको.)

हे सगळं बाजूला ठेवून नुसतं ते वाक्य ऐकलं, तर हसू येईलच की. एक पोरगा सरळ हिशोब करतो: एक आजी जाणारच होती, तर चुकीची गेली. राहींनी ते आधी हसू यावं असंच लिहिलंय. हसण्यासाठी तोंड उघडलेलं असतानाच ते आत जातं. मी इतक्या वेळा वाचलंय, की हसण्याची जागा ओलांडून थेट रडण्यापाशीच पोचते. ते गृहस्थ पहिल्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा वाचताना मीही हसले असेन का? आठवत नाही. ज्या दिवसांत ते पुस्तक हातात आलं, त्या दिवसांत हसणं तसं कठीणच होतं.

निघताना ते माझ्याकडे आले. "पुढे काय होतं हो त्या दोघांचं?" सांगितलं असतं तर टोपीचा शेवटही सांगावा लागला असता. म्हटलं, वाचा, आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. पहिल्या पानावरचं अक्षर त्यांना दिसेल. दिसू दे.

आता त्यांच्याबरोबर मीही पानं उलटतेय. १० ऑक्टोबर १९४५ला इफ्फनच्या वडिलांची मुरादाबादला बदली होते, आणि टोपी शपथ घेतो की ज्याच्या बापाची नोकरी बदलीची आहे, अशा मुलाशी पुन्हा कधी दोस्ती करायची नाही. तिथंही ते हसतील. हसावंच. पण पुढे अलीगढ आहे, मोठे झालेले दोघं आहेत, आणि त्यांच्या भोवतीचे सगळे. तिथवर पोचल्यावर त्यांना काय वाटलं ते मला ऐकायचंय. पुस्तक परत द्यायला आले की विचारणार आहे.