आमची वाटचाल : पिंज, पंखे आणि तापलेले प्रोसेसर

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. आमचं कॉम्प्युटरचं दुकान त्यानंतर शंभरेक वर्षांनी सुरू झालं, पण आमच्या धंद्याचं खरं भांडवल त्या मागांनीच पुरवलं: गावाच्या हवेत सतत उडणारी कापसाची पिंज.

सुरुवातीला आम्हीही चारचौघांसारखी असेंबल मशिन विकायचो. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचा, जोडणी इथे व्हायची, वर एक वर्षाची सर्व्हिस. त्याच सुमारास, २००४ मध्ये, इंटेलचा प्रेस्कॉट जातीचा पेंटियम फोर प्रोसेसर आला. हा गडी ८४ वॉटपासून थेट ११५ वॉटपर्यंत उष्णता बाहेर टाकायचा. एसी ऑफिसात ते खपून जातं. पत्र्याच्या शेडमध्ये, कांड्यांच्या ढिगाशेजारी, एप्रिलच्या दुपारी नाही खपत. विकलेली मशिन महिन्या-दोन महिन्यांत परत येऊ लागली आणि विक्रीत कमावलेलं सर्व्हिसच्या पेट्रोलमध्ये जायला लागलं.

तक्रार मात्र उष्णतेची कधीच नसायची. ती आवाजाची असायची. एका सुताच्या पेढीवरच्या दिवाणजींचं वाक्य आमच्याकडे अजून चालतं: "मागाचा आवाज चालतोय ओ, ह्या डब्याचा नको. फोनवर भाव ऐकू येत न्हाई."

त्यांनी दुसऱ्या एकाकडून आधीच नवा पंखा बसवून घेतला होता. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तीच घरघर. आम्ही कॅबिनेट उघडलं, प्रोसेसरवरचा पंखा बाजूला केला, तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर पिंजेचा अखंड थर बसलेला. चिमट्याने एक कोपरा उचलला तर नमद्यासारखा गोल तुकडाच वर आला, मधोमध पंख्याच्या आसाचा ठसा उमटलेला. पंख्यात काही दोष नव्हताच. खालून हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, म्हणून मदरबोर्ड पंख्याला पूर्ण वेगाने पळवत होता. शिवाय हीटसिंकच्या चार प्लॅस्टिक पायांपैकी एक सुटलेला. इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या, बोर्डांवर हे पाय दाबून बसवायचे असतात. एक जरी उचकटला तरी हीटसिंक तिरका बसतो आणि प्रोसेसर व हीटसिंकमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट कितीही लावली तरी उपयोग होत नाही.

आवाज कमी करा म्हटलं की बहुतेक मेकॅनिक पंख्याचा वेग कमी करायला जातात. तोही उपाय आहे, आणि चांगला आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे सौदा फायद्याचा. मात्र तो साफसफाईनंतर करायचा. कोंडलेल्या मशिनचा पंखा हळू केला तर मशिन आवाज न करता तापतं, आणि मालकाला वाटतं काम झालं. आधी पिंज, मग पाय, मग पेस्ट, सगळ्यात शेवटी वेग, हा क्रम आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितला जातो. हवेच्या झोताने पिंज उडवायला ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, हेही. नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग तिथेच संपतं.

वेग कमी करण्यातही प्रकार आहेत. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरच्या २५ किलोहर्ट्झच्या सिग्नलने वेग ठरतो. तीन पिनांच्या पंख्यात तिसरी तार फक्त किती फेरे झाले ते सांगते. तिथे व्होल्टेजच कमी करावं लागतं. पॉवर सप्लायच्या पिवळ्या (१२ व्होल्ट) आणि लाल (५ व्होल्ट) तारेमध्ये पंखा जोडून ७ व्होल्ट काढायची युक्ती जुने लोक वापरायचे. चालते, पण पंखा शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या लाइनवर जातात, म्हणून आम्ही ती गिऱ्हाइकाच्या मशिनवर करत नाही. व्होल्टेज उतरवणाऱ्या रेझिस्टरची तयार वायर लावतो. कित्येकदा तेवढंही लागत नाही. बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलेला असतो, त्यामुळे बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंग उडून तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारी 'स्मार्ट फॅन' सोय बंद झालेली असते. सेल बदलून ती चालू केली की मशिन गप्प. गिऱ्हाइकाला मात्र एवढ्याचे पैसे द्यायला जिवावर येतं.

तापमान दाखवणारं आणि पंख्याचा वेग बदलणारं स्पीडफॅन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आमच्या भागात खूप फिरलं. जुन्या बोर्डांवर ते झकास चालतं, नव्यांवर फारसं नाही. त्यात 'ऑक्स'समोर १२७ अंश दिसलं की लोक घाबरून फोन करायचे. बोर्डावर त्या जागी सेन्सरच जोडलेला नसतो, आकडा निव्वळ रिकामा.

आणि तेल! मागवाल्याला कुरकुरणारी वस्तू दिसली की हात तेलाकडे जातो. पंख्याचं स्टिकर काढून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकला तर साधं, बिनगोळ्यांचं स्लीव्ह बेअरिंग थोडे दिवस शांत राहतंही. पण मागाचं जाड तेल घातलेले पंखे आमच्याकडे आलेत, पिंज चिकटून पार काळे लगदे झालेले. तसंच बाजूचा पत्रा काढून समोर टेबल फॅन लावणं. पेढीवर एकवेळ ठीक, शेडमध्ये तो सगळी पिंज बोर्डावर फेकतो.

धंद्याला वळण लागलं ते एका साध्या चिठ्ठीमुळे. प्रत्येक कामाआधी आणि नंतर मशिनला जड काम देऊन तापमान मोजायचं आणि बिलावर लिहायचं: खोली ३४, प्रोसेसर ८६, नंतर ६१. खोलीचा आकडा मुद्दाम लिहितो, कारण हवेच्या पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही, हे मे महिन्यात गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. आकडे दिसू लागल्यावर घासाघीस कमी झाली. २०१७ मध्ये जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल. बिल कॉम्प्युटरवर काढल्याशिवाय माल हलेना, मग पेढीवरचं मशिन दुपारी बंद पडलं की दारात गाडी भरून उभी राहायला लागली. तेव्हापासून वार्षिक करार वाढले. नव्या मशिनची विक्री आज आमच्या उत्पन्नाचा लहान भाग आहे आणि त्याचं वाईट वाटत नाही.

करारात आम्ही एक जाळीही देतो. नायलॉनची बारीक जाळी, कडेला जुन्या फ्रिजच्या दाराची चुंबकपट्टी, कॅबिनेटच्या तोंडावर चिकटवायची. आत हवा ओढणारा पंखा बाहेर फेकणाऱ्यापेक्षा थोडा जोरात ठेवला की फटींतून पिंज शिरत नाही, जाळीवरच अडकते. ती दर शनिवारी झटकायची असते. पेढीवर दिवाणजी झटकतात. शेडमध्ये कोण झटकणार यावर आमचे आणि मालकांचे वाद ठरलेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यावर बरीच जुनी मशिन निघाली. त्यांच्या जागी तळहाताएवढे मिनी पीसी आलेत. त्यांचा ब्लोअर पंखा इवलासा आणि पात्यांमधल्या फटी आणखी अरुंद, त्यामुळे ते जुन्यांपेक्षा लवकर कोंडतात. त्यांच्यासाठी जाळीचं वेगळं खोकं करून बघतोय. हवा पुरेशी जाते, अडचण पॉवर बटणाची आहे, ते दाबायला दर वेळी खोकं काढावं लागतं.