तुम्ही विचारलंत म्हणून: भावनांचं गणित

मी काय काम करते हे कळलं की समोरचा हमखास म्हणतो, "भावनांचं गणित? मग सांगा बरं, आत्ता माझ्या मनात काय चाललंय?" परवा एका साखरपुड्यात, मसालेभाताचं ताट हातात असताना, हेच झालं. तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

तुमच्या मनातलं मला कळत नाही, आणि या गणिताला त्याची फारशी गरजही नसते. २०१० साली झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या फ्रँक श्वाइट्झर आणि डेव्हिड गार्सिया यांनी ऑनलाइन गप्पांमध्ये भावना कशा पसरतात याचं एक मॉडेल मांडलं. त्यात प्रत्येक माणसाचे दोनच आकडे: बरं वाटतंय की वाईट, आणि आतून किती उसळलंय. ते आपोआप ओसरतात, पाण्यातल्या परागकणासारखे उगाचच हलतात आणि दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून ढकलले जातात. उसळी ठरावीक पातळीच्या वर गेली की माणूस लिहितो. लिहून झालं की थंडावतो. त्याने लिहिलेलं मात्र मागे राहतं, बाकीच्यांना तापवतं आणि हळूहळू विझतं.

हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर पाहिलंय. यंदा गणपती कुणाकडे, एवढाच विषय. दिवसभर शांतता. रात्री पावणेदहाला धाकट्या काकूने लिहिलं, "ठीक आहे. तुम्ही मोठे ठरवाल तसं." झालं! वीस मिनिटांत चाळीसेक मेसेज. एरवी फक्त 'सुप्रभात' पाठवणारी आत्यासुद्धा तावातावाने लिहीत होती. साडेअकराला सगळं थांबलं. कुणाचं कुणाला पटलं म्हणून नाही, उसळी संपली म्हणून. इथे मॉडेल मला अगदी खरं वाटतं.

घोडं पेंड खातं ते मोजमापात. मजकुरातल्या भावनेला आकडा द्यायचा तर शब्दच धरावे लागतात. माइक थेलवॉल यांचं सेंटिस्ट्रेंग्थ हे सॉफ्टवेअर इंग्रजी मजकुराला दोन गुण देतं, चांगल्यासाठी १ ते ५ आणि वाईटासाठी उणे १ ते उणे ५. तशीच शब्दयादी मराठीत केली, तर काकूचं वाक्य 'ठीक'मुळे चांगल्या बाजूला जाईल. आमच्याकडे 'ठीक आहे'नंतरच्या पूर्णविरामाचा अर्थ काय, हे यादीला कोण सांगणार?

शिवाय परिणाम दिसतात ते बारीक. २०१४ मध्ये छापून आलेल्या फेसबुकच्या प्रयोगात ६,८९,००३ जण होते; त्यातल्या काहींच्या फीडमधल्या भावनिक पोस्टी आठवडाभर कमी केल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात फरक पडला तो हजार शब्दांमागे एखाद्या शब्दाचा. गदारोळ झाला तो लोकांना न विचारता केलं म्हणून, आणि तो व्हायलाच हवा होता.

आणि न लिहिणाऱ्यांचं काय? बाबांनी त्या रात्री एकही मेसेज टाकला नाही. मॉडेलच्या लेखी त्यांची उसळी पातळीखालीच. प्रत्यक्षात ते गॅलरीत फेऱ्या मारत होते आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावून मला विचारत होते, "आता कोण काय म्हणालं?"