फाइलीत एक, सर्व्हरच्या मनात दुसरंच

मंगळवार

एका जुन्या पोस्टग्रेस डेटाबेस सर्व्हरची सेटिंग्ज तपासायचं काम माझ्या वाट्याला आलंय. तक्रार साधीच आहे. रिपोर्टची एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) रडतखडत चालते आणि लॉगमध्ये तिच्या नावावर तात्पुरत्या फाइलींच्या नोंदी पडतात. म्हणजे सॉर्टला मेमरी पुरत नाही, डेटा डिस्कवर सांडतो. फाइली तशा लहान आहेत. तीच क्वेरी मी माझ्या लॉगिनमधून चालवली, तर सगळा सॉर्ट मेमरीतच उरकला.

सहकाऱ्याचं म्हणणं ठाम: "अगं, वर्क_मेम 64 एमबी आहे. कॉन्फिग फाइल उघडून बघ ना."

उघडली. वर्क_मेम म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा, आणि ती तिथे 64 एमबीच आहे. पण फाइलीतून कळतं ते एवढंच, की कधीतरी कुणीतरी असं ठरवलं होतं. सर्व्हर आत्ता काय धरून चाललाय, हे त्यालाच विचारावं लागतं. ‘शो वर्क_मेम’ म्हटलं, तर उत्तर आलं 32 एमबी.

‘शो’ ही आज्ञा टाइप करायला सोपी, म्हणून सगळे तीच वापरतात. ती आकडा सांगते आणि गप्प बसते. तो आकडा आला कुठून, हे मात्र पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूला (टेबलासारखं वाचता येणाऱ्या यादीला) विचारायचं. तिथे प्रत्येक पॅरामीटरची, म्हणजे सेटिंगची, एक ओळ असते, आणि माझ्या मते त्या ओळीत किमतीपेक्षा शेजारचे कॉलम जास्त कामाचे असतात. ‘सोर्स’ सांगतो की किंमत डिफॉल्ट आहे, फाइलीतली आहे, की डेटाबेस, रोल (लॉगिनचं खातं) किंवा सेशनवरून (एका चालू कनेक्शनवरून) आलेली. ‘सोर्सफाइल’ आणि ‘सोर्सलाइन’ तर फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांकसुद्धा देतात. मात्र ते दिसायला सुपरयूजर तरी हवं, नाहीतर पीजी_रीड_ऑल_सेटिंग्ज हा रोल तरी हवा. साध्या लॉगिनला ते दोन्ही कॉलम रिकामे दिसतात.

माझ्या 32 एमबीचा पत्ता निघाला पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ. ‘ऑल्टर सिस्टीम’ या आज्ञेने केलेले बदल याच फाइलीत जातात आणि ही फाइल मुख्य फाइलीनंतर वाचली जाते, त्यामुळे दोघींत तंटा झाला तर हिचंच खरं. फाइलीच्या सुरुवातीलाच सूचना असते, हाताने बदल करू नका. 9.4 आवृत्तीपासून ही सोय आहे. सोय चांगलीच आहे, पण तेव्हापासून ‘मुख्य फाइल बघितली, म्हणजे सगळं बघितलं’ हे म्हणणं बाद झालंय, आणि ते अनेकांच्या गावीही नाही.

एककांचं प्रकरणही एकदा लिहून ठेवते. शेअर्ड_बफर्स म्हणजे सर्व्हरची सामायिक कॅशे मेमरी. ‘शो शेअर्ड_बफर्स’ म्हटलं की 128 एमबी. पीजी_सेटिंग्जमध्ये त्याच पॅरामीटरपुढे 16384. घाबरायचं नाही, शेजारी ‘युनिट’ कॉलममध्ये 8 केबी लिहिलेलं असतं. गुणाकार केला की 128 एमबीच. वर्क_मेमचं एकक मात्र केबी. म्हणजे एकाच कॉलममधले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करायची सोय नाही. असं का ठेवलं असेल, ते कळतं. तरी दरवेळी चिडचिड होतेच.

बुधवार

32 एमबीने कोडं अर्धंच सुटलं. माझ्या सेशनला 32 एमबी पुरतात, मग रिपोर्टला का पुरू नयेत?

कारण पीजी_सेटिंग्ज मला माझ्याच सेशनच्या किमती दाखवतो. दुसऱ्या चालू सेशनच्या किमती तिथून दिसत नाहीत. नावावरून वाटतं की हा सर्व्हरचा आरसा आहे, पण त्यात दिसतो तो बघणाराच.

रोल आणि डेटाबेसला चिकटवलेली सेटिंग्ज पीजी_डीबी_रोल_सेटिंग या कॅटलॉगमध्ये (सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलात) असतात. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर बॅकस्लॅश डीआरडीएस म्हटलं की यादी येते. आली. रिपोर्टच्या रोलवर वर्क_मेम 8 एमबी!

म्हणजे एकावर एक असे तीन थर. मुख्य फाइलीत 64, ऑटो फाइलीत 32, रोलवर 8. एरवी फाइलीच्या वर डेटाबेस, त्याच्या वर रोल, त्याच्या वर ‘या डेटाबेसमधला हा रोल’, पुढे कनेक्शन उघडताना क्लायंटने सांगितलेलं, आणि सगळ्यांच्या वर चालू सेशनमध्ये केलेलं ‘सेट’. शेवटी बोलणाऱ्याचं ऐकलं जातं.

आणखी एक कॉलम मला आवडतो, ‘पेंडिंग_रीस्टार्ट’. फाइलीत बदल झालाय, पण तो लागू व्हायला सर्व्हर बंद करून चालू करावा लागेल, अशा पॅरामीटरपुढे तो ‘टी’ (ट्रू, म्हणजे होय) दाखवतो. इथे मॅक्स_कनेक्शन्सपुढे (एकावेळच्या कनेक्शन्सच्या मर्यादेपुढे) तो ‘टी’ होता. कुणीतरी आकडा वाढवला, रीलोड केलं (चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली) आणि झालं म्हणून निघून गेलं. रीलोडचं फंक्शनही खुशाल ‘टी’ परत करतं, पण त्याचा अर्थ इतकाच की निरोप पोचवला. फाइलीत चूक असली तरी उत्तर तेच. ती चूक बघायची तर पीजी_फाइल_सेटिंग्जमधला ‘एरर’ कॉलम बघावा. कुठला बदल रीलोडने लागतो आणि कुठल्याला रीस्टार्ट हवा, हे ‘कॉन्टेक्स्ट’ कॉलम सांगतो: ‘सिगहप’ असेल तर रीलोड पुरतं, ‘पोस्टमास्टर’ असेल तर रीस्टार्ट.

गुरुवार

दुसऱ्या टीमचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे, तिथेही असंच काहीतरी ऐकलं. शो व्हेरिएबल्स म्हणताना ‘ग्लोबल’ लिहिलं नाही, तर सेशनच्या किमती येतात. वेट_टाइमआउटची (रिकामं कनेक्शन किती वेळाने तोडायचं त्या सेटिंगची) गंमत तर खासच. मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवरून बसून विचारलं, तर सेशनची ती किंमत इंटरअ‍ॅक्टिव्ह_टाइमआउटवरून घेतलेली असते. अ‍ॅप्लिकेशनची कनेक्शन्स ज्या आकड्यावर तुटतात, तो आपल्याला दिसतच नाही. दोघांचं डिफॉल्ट 28800 सेकंद असल्यामुळे, एक बदलेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

तरी एका बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो. आवृत्ती 8 मध्ये परफॉर्मन्स_स्कीमाच्या व्हेरिएबल्स_इन्फो या टेबलात किंमत कुठून आली याच्या जोडीला ती कुणी आणि केव्हा बदलली, हेही असतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.कॉन्फिगरेशन्समध्ये ‘व्हॅल्यू’ आणि ‘व्हॅल्यू_इन_यूज’ असे दोन कॉलम शेजारी ठेवलेत, ठरवलेलं एक आणि चालू असलेलं एक. इतकं सरळ दुसरीकडे पाहिलं नाही. ओरॅकलला तर सेशनसाठी, इन्स्टन्ससाठी (चालू सर्व्हरसाठी) आणि एसपीफाइलसाठी (साठवलेल्या सेटिंग्जच्या फाइलीसाठी) वेगवेगळे व्ह्यू आहेत. तरी अंडरस्कोरने सुरू होणारी छुपी पॅरामीटर्स बदललेली नसतील, तर ‘शो पॅरामीटर’मध्ये दिसत नाहीत.

परत आमच्या 8 एमबीकडे. ते कुणी घातले, केव्हा, कशासाठी, यातलं काही कॅटलॉगमध्ये नाही. सहकाऱ्याचं मत, उडवून टाक. मला ते पटत नाही. वर्क_मेम हे क्वेरीला मिळून नसतं, तिच्यातल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला (ओळींच्या जुळणी-गटवारीच्या कामाला) वेगळं मिळतं. रिपोर्टची कनेक्शन्स भरपूर, सकाळी सगळी एकदम जागी होतात. कुणीतरी मेमरी संपताना पाहिली असेल आणि शहाणपणानेच हा लगाम घातला असेल. त्यात मॅक्स_कनेक्शन्सचा नवा आकडा पुढच्या रीस्टार्टची वाट बघत बसलाय.

रोलचे 8 एमबी तसेच ठेवायचे, असं ठरलं. त्या एका जड रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘सेट लोकल’ करून 32 एमबी द्यायचे. ट्रान्झॅक्शन संपलं की ते आपोआप जातात. कनेक्शन पूलमधलं (पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शन्सच्या साठ्यातलं) तेच कनेक्शन पुढच्या क्वेरीला गेलं, तरी वाढीव मेमरी तिच्यामागे जात नाही. क्वेरीचा प्लॅन (ती कशी चालली ते) लॉगमध्ये लिहिणाऱ्या ऑटो_एक्स्प्लेनमध्ये लॉग_सेटिंग्जही चालू केलंय. आता क्वेरीच्या प्लॅनबरोबर तिला प्रत्यक्ष मिळालेलं वर्क_मेमसुद्धा लॉगमध्ये उतरेल, आणि सहकाऱ्याला मी फाइलीऐवजी तेवढी ओळ पाठवेन.