हॉटेल-वही, महिना सातवा: खाली डोसा (म्हणजे आत काही न भरलेला, नुसता डोसा) तीनदा खाल्ल्याशिवाय मार्क नाहीत

तर मंडळी जुलै संपला आणि बेळगाव आणि आसपासच्या हॉटेलांना मी मार्क देतो त्या वहीत एकूण २६ हॉटेलं झाली. त्यातली १९ पूर्ण, म्हणजे तिन्ही भेटी झालेली, आणि ७ अजून अर्धवट. जानेवारीत वर्षाला ६० असं टार्गेट धरलेलं, ते काय आता होत नाही, पण मार्चमध्ये नियम बदलला तेव्हाच माहीत होतं की स्पीड अर्ध्यावर येणार, आणि तो बदल केला नसता तर वहीत नुसती नावं आणि आकडे भरले असते, उपयोग शून्य.

नवीन लोकांसाठी नियम परत सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, आहे. आमच्याकडं कास्टिंगचा लॉट आला की वरचा एक पीस उचलून गेज लावून माप बघितलं आणि सगळा लॉट पास, असं कोण करत नाही, वरनं खालनं मधनं पीस काढून बघायचे असतात. आणि मी हॉटेलात मात्र एकदा जाऊन एक प्लेट खाऊन दहापैकी सहा की आठ ठरवून मोकळा व्हायचो. फेब्रुवारीत एका रात्री वही चाळताना हे डोक्यात बसलं आणि झोप लागेना. म्हणून मार्चपासून प्रत्येक हॉटेलला तीन भेटी: एक आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या, एक रविवारी दहा-साडेदहाच्या गर्दीत, आणि एक दुपारी चारला जेव्हा हॉटेल रिकामं असतं आणि पोरं टेबलावर डोकं टेकून बसलेली असतात. तिन्ही वेळा आयटम एकच. बिल माझं मी भरतो, वही खिशातनं बाहेर काढत नाही, घरी येऊन लिहितो.

आयटम खाली डोसा का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मसाला डोशात बटाट्याची भाजी असते, कांदा असतो, आत लाल चटणी फासली की पीठ कसं आहे हे जिभेला कळतच नाही. लोणी डोशाचं पण तेच, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा आला की मन खूश होतं आणि मार्क वाढतात, माझे वाढलेत, वहीत दिसतंय. खाली डोशात लपायला जागा नाही. पीठ नीट आंबलेलं नसेल तर जाळी पडत नाही, रंग पांढराफटक राहतो आणि थंड झाला की चामड्यासारखा चिवट होतो. तवा जास्त तापलेला असेल तर पीठ पसरायच्या आधीच गोळा होतं आणि मध्ये जाड कडेला पातळ असा डोसा येतो. चांगला तवेवाला दर डोशाआधी पाणी शिंपडून फडक्यानं तवा पुसून घेतो, त्या चर्रर आवाजावरनं त्याला तवा कळतो. तुम्ही काऊंटरजवळचं टेबल धरा आणि नुसता आवाज ऐका, डोसा यायच्या आधी अर्धा निकाल कळतो.

आता या महिन्याचं मुख्य. हॉटेल नंबर ११, टिळकवाडीतलं, रेल्वे गेटापासनं चालत जायच्या अंतरावर. जून एंडला पहिली भेट झाली, मुसळधार पाऊस, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, डोसा अप्रतिम, कडा कुरकुरीत मध्ये मऊ, मी मनातल्या मनात ९ देऊन टाकलेले. मग रविवारी गेलो, पावणेअकरा, बाहेर उभी माणसं, आणि तोच डोसा पांढरा आणि बसका. आंबूसपणा नाहीच, नुसता तांदळाचा वास. एवढा फरक कसा पडतो म्हणून मी चारच्या भेटीत तव्यावरच्या मामांना सरळ विचारलं. मामा म्हणाले, "पावसात पीठ वर येत नाही रे बाबा, संध्याकाळी वाटलेलं सकाळपर्यंत जेवढं फुगतं तेवढं पहिल्या दोन भांड्यात असतं. रविवारी ती नऊलाच संपतात, मग तिसरं भांडं काढतो, ते कच्चंच असतं." मी म्हटलं मग भट्टीजवळ का ठेवत नाही, तर ते म्हणाले दोन भांड्यांपुरतीच जागा आहे.

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं. कारण हा आळस नाही. आपल्या बेळगावची हवा समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरवरची, जुलैत आठवडा आठवडा ऊन नाही, उडीद-तांदळाच्या पिठाला फुगायला जी ऊब लागते ती घरात पण मिळत नाही, आई अजून पिठाचं पातेलं चादरीत गुंडाळून ठेवते. तर ११ नंबरला मी आता दोन मार्क लिहिलेत, सकाळचे ९ आणि पावसाळी रविवारी दहानंतरचे ५, आणि खाली सरासरी मुद्दाम काढलेली नाही. ७ मार्क लिहिले असते तर ते कुठल्याच वेळचे खरे नव्हते. जाणाऱ्या माणसाला "नऊच्या आत जा" एवढं कळलं की बास.

याच्यावरनं मागच्या महिन्यातली एक चूक पण दुरुस्त करतो. मी टोचायचा थर्मामीटर घेतलाय हे लिहिलेलं. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात गरम ठेवायचं अन्न ६० डिग्रीच्या वर पाहिजे, म्हणून मी टेबलावर सांबाराची वाटी आली की आकडा घ्यायचो आणि चार हॉटेलांचे मार्क त्याच्यावरनं कापले, एका ठिकाणी ५२ आलेले. पण स्टीलच्या छोट्या वाटीतलं सांबार दोन मिनिटात उतरतं, आणि नियम आहे भांड्यात ठेवलेल्या अन्नाचा. त्या ५२ वाल्या हॉटेलात परत जाऊन मालकांची परवानगी घेऊन मोठ्या भांड्यात टोचून बघितलं तर ७१. चारही हॉटेलांचे कापलेले मार्क परत दिलेत. मोजमाप चुकीच्या जागी घेतलं की चांगला माल रिजेक्ट होतो, हे मला रोजच्या कामात माहीत असून इथं सुटलं, त्याचं वाईट वाटतंय म्हणून सविस्तर लिहिलं.

चटणीला मात्र माफी नाही. चार वाजताची भेट मी खास चटणीसाठी ठेवलीय. ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी वाटलेली दुपारपर्यंत बाहेर राहिली की आंबट वास धरते, आणि फुटाण्याची डाळ जास्त घातलेली असेल तर दुपारी ती लापशीसारखी घट्ट होते. १९ पैकी ८ ठिकाणी चारला मिळालेली चटणी मी अर्धी टाकली. ३ ठिकाणी चारला सुद्धा ताजी फोडणी घातलेली मिळाली, गिऱ्हाईक मी एकटाच असताना. त्या तिघांना चटणीचे पूर्ण मार्क.

सर्व्हिसचा रकाना पण बदललाय आणि तो आईमुळं. मी एकटा जातो तेव्हा सर्व्हिस म्हणजे माझ्यासाठी घड्याळ: पाणी किती मिनिटात, ऑर्डर किती मिनिटात, बिल किती मिनिटात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला शहापूरला मावशीकडं सोडायला गेलो आणि वाटेत नंबर १७ ला थांबलो, तिसरी भेट राहिलेलीच होती. आईचे गुडघे दुखतात, तिथले बाक खाली आणि भिंतीला चिकटलेले. वाढणारा पोरगा, असेल सतरा-अठराचा, त्यानं काही न बोलता आतनं मालकांची खुर्ची आणून टेबलाच्या टोकाला लावली आणि म्हणाला, "आज्जी हितं बसा, उठायला सोपं पडतंय." मग डोशाआधी तिला गरम पाणी, न मागता. त्या दिवशी डोसा यायला १४ मिनिटं लागली, माझ्या जुन्या हिशोबानं सर्व्हिस ४. आई घरी येईपर्यंत त्या पोराबद्दलच बोलत होती. आता मिनिटं मी लिहितो पण एका कोपऱ्यात, मार्क असतात पोरांनी टेबलाकडं बघितलं का, ओलं फडकं मारताना आपल्या मांडीवर पाणी उडवलं का, प्लेट उचलायची घाई केली का, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोराला कसं वागवलं याला. ज्यांच्या घरी वयस्क माणसं आहेत त्यांनी एक तरी भेट त्यांना घेऊन करा, वेगळंच हॉटेल दिसतं.

एक तक्रार. हायवेवर एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये (नाव नाही लिहीत) आम्ही चौघं जेवलो, जेवण ११४० चं, खाली ५ टक्के सर्व्हिस चार्ज ५७ आणि मग त्या सगळ्या रकमेवर ५ टक्के जीएसटी, बिल १२५७. जीएसटी ठीक आहे, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्केच असतो, अडीच केंद्राचा अडीच राज्याचा. पण सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचना आहेत आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. मी मॅनेजरना शांतपणे हे सांगितलं, त्यांनी आधी "सिस्टीममध्येच आहे" म्हटलं, मग काढलं, बिल ११९७ झालं. म्हणजे चार्जवरचा जीएसटी धरून ६० रुपये. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. आणि ज्या पोरानं वाढलं त्याला मी ५० रुपये हातात दिले, कारण त्यानं चांगलं वाढलं होतं आणि तो ५७ चा आकडा त्याच्यापर्यंत पोचतो का हे विचारल्यावर तो नुसता हसला.

गोकाक रोडच्या बाजूला एका खानावळीत गेलो, हे डोशाच्या हिशोबात बसत नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरनं थेट ताटात, भरल्या वांग्याची भाजी शेंगदाण्याच्या कुटातली, मुगाची उसळ, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, दही, आणि बाजूला कच्ची मेथीची पानं, कांदा, हिरवी मिरची. वाढणाऱ्या अक्कांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड कामापुरतं येतं. पण तिथं लागतात दोनच शब्द, त्यांचं "इन्नोंदु?" (अजून एक?) आणि माझं "साकु" (पुरे). तीनदा साकु म्हणून झालं तरी चौथी भाकरी पडली. असं वाढणं मोजायला रकाना कुठला करायचा? माझ्या वहीत तरी तो अजून नाही, सुचवा कोणीतरी. आमच्या घरी पण पाहुण्याला वाढताना हात असाच चालतो, भाषा वेगळी एवढंच.

बाकी पटकन: खानापूरची दोन झाली, एकाची उसळ छान पण पाव शिळा, दोन्ही वेळा. सावजी हॉटेलं मी या वहीत घेत नाहीय, तिखट माझ्या पोटाला झेपत नाही आणि ज्याला पदार्थ पूर्ण खाता येत नाही त्यानं मार्क देऊ नयेत असं मला वाटतं. कुणाला सावजीची वेगळी वही करायची असेल तर फॉरमॅट मी देतो. श्रावणात नॉनव्हेजवाली मित्रमंडळी रिकामी असतील, त्यांनी माझ्या ७ अर्धवट हॉटेलांपैकी रविवारची भेट वाटून घेतली तर लई मदत होईल, फक्त आयटम बदलायचा नाही आणि डोसा आल्यापासनं पाच मिनिटांच्या आत पहिला घास.

ऑगस्टमध्ये निपाणी धरलीय. तिथं खाली डोशाचा नियम चालेल का याची शंका आहे, कारण निपाणी ओलांडली की कोल्हापूरच जवळ, सकाळी माणसं कट वडा आणि मिसळच मागतात. तिथं आयटम मिसळीचा नुसता कट ठेवू का, फरसाण-कांदा न घालता? मला तेच खाली डोशाच्या जवळचं वाटतंय, पण तिथल्या कोणी सांगितलं तर बरं. आणि ११ नंबरची चौथी भेट डिसेंबरात ठरलीय. थंडीत पीठ कसं सांभाळतात बघायचं असेल तर पहाटे पाचला मागच्या दाराने ये, असं मामांनी स्वतः सांगितलंय.