गाजराला फुकटचं श्रेय

ब्लाउजचं तुटलेलं हूक लावायला बसले आणि माझी चाळिशी उघडी पडली. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई खिडकीकडे धरली, हात लांब नेला, पण दोरा काही नेढ्यात शिरेना. आईला फोनवर सांगितलं, तर तिचं निदान तयार: "गाजरं खात नाहीस!"

चाळिशी म्हणजे डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होणं. जवळचं बघताना लागणारा फुगवटा त्याला येत नाही. तिथे गाजर काय करणार? त्याची कीर्ती बरीचशी दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटिश वैमानिक रात्री जर्मन विमानं टिपायचे ते रडारच्या जोरावर, पण छापून आलं गाजराचं नाव. अ जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा आला असेल तर गाजर कामाचं, एवढं मात्र खरं.

"बरं, मग पालेभाज्या खा," आई मागे हटणारी नव्हेच. इथे मात्र मला गप्प बसावं लागलं. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू असतो. त्याचा पिवळेपणा ल्युटिन आणि झियाझँथिन या दोन रंगद्रव्यांचा. शरीराला ती बनवता येत नाहीत; मेथी, पालक, मका, अंड्याचा बलक यांतूनच मिळवावी लागतात. उतारवयात पीतबिंदूची झीज बऱ्यापैकी झालेल्यांना डॉक्टर जी गोळी देतात, तिच्यात २०१३च्या अमेरिकन चाचणीनंतर १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन आलं, आणि गाजरातलं बीटा कॅरोटिन गेलं! सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो म्हणून. अर्थात हे गोळीतल्या भरमसाट मात्रेचं. कोशिंबिरीला घाबरायचं कारण नाही. आणि ती गोळी झीज लांबवते, गेलेली नजर परत आणत नाही.

ही द्रव्यं स्निग्धात विरघळणारी. म्हणजे नुसती उकडलेली भाजी गिळण्यापेक्षा तेलावर लसूण परतून केलेली मेथी बरी. जीभ हे आधीपासूनच म्हणत होती.

काल मेथीची जुडी निवडायला घेतली, यंदा पहिल्यांदाच चष्मा लावून. पानापानावर बारीक भोकं, एका देठाला चिकटलेली हिरवी अळी, मुळांशी माती. गेली दोन वर्षं मी घरच्यांना काय काय खाऊ घातलंय, ते आईला सांगितलेलं नाही.