आमची वाटचाल: आडपत्त्यांच्या दारावरची राखण

आमचा व्यवसाय पुण्यातला आहे आणि आम्ही तो मुद्दाम छोटा ठेवला आहे. ग्राहकाला आम्ही हवे तितके आडपत्ते, म्हणजे खऱ्या ई-मेल पत्त्याच्या आड राहणारे पर्यायी पत्ते, देतो, त्यांवर आलेली मेल त्याच्या खऱ्या पेटीत पोहोचवतो आणि खरा पत्ता पाठवणाऱ्याला कळू देत नाही. यातली खरी मेहनत पत्ता लपवण्यात नसून स्पॅम अडवण्यात आहे, हे या कामातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मूळ प्रेषकाच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्याच्या डोमेनच्या वतीने मेल धाडायची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीत, आमचा सर्व्हर नसतो. म्हणून मेल पुढे धाडताना लिफाफ्यावरचा प्रेषक (मेल परत आल्यास जिथे जायची तो पत्ता) एसआरएस या पद्धतीने बदलून आमच्या डोमेनचा करावा लागतो, आणि तो बदलला की आतल्या कचऱ्याचा ठपका आमच्या नावावर येतो.

व्यवसाय सुरू करताना माझे भागीदार हेलसिंकीच्या योहान हेलसिंगियस यांचा दाखला नेहमी देत. त्यांचा अनामिक मेल सर्व्हर १९९३ ते १९९६ चालला. खरे पत्ते आणि टोपणपत्ते यांची जुळणी एकाच यादीत होती, आणि त्या यादीसाठी पोलीस व न्यायालय दारात आले तेव्हा त्यांनी सेवाच बंद केली. त्यामुळे जुळणीची यादी आम्ही पहिल्यापासून कूटबद्ध ठेवली, आणि मेलची पोहोच झाली की रांगेतली प्रत पुसायची हा नियम केला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार १८० दिवसांचे लॉग आम्ही ठेवतो, पण त्यांत मजकूर नसतो.

मजकूर साठवायचा नाही म्हटल्यावर निकाल दारातच लागला पाहिजे. पुढे मेल घेणारी पोस्टफिक्स प्रणाली, मागे स्पॅम पारखणारी आरस्पॅमडी, आणि या दोन्हींइतकाच माझा जीव ग्रेलिस्टिंगवर आहे. अनोळखी सर्व्हर आला की त्याचा आयपी (इंटरनेटवरचा क्रमांक), प्रेषक आणि आडपत्ता हे त्रिकूट नोंदवून ४५१ म्हणायचे, म्हणजे ‘थोड्या वेळाने या’. रीतसर चालणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत येतो. स्पॅम ओतणारी बाधित यंत्रे बहुधा परत येत नाहीत. अडचण झाली ती ओटीपीची, कारण बँकेची मेल दहा मिनिटे उशिरा आली तर तिचा उपयोग उरत नाही.

ही अडचण आमच्या लक्षात आणून दिली सांगलीच्या एका वकीलबाईंनी. घर सोडून आलेल्या स्त्रियांचे खटले त्या चालवतात आणि प्रत्येक अशिलाला त्यांनी आमचा वेगळा आडपत्ता काढून दिलेला असतो. त्यांचा फोन आला त्याच रात्री आम्ही एसपीएफ जुळणाऱ्या परिचित प्रेषकांना ग्रेलिस्टिंगमधून मोकळे केले.

नंतरची काही वर्षे सुरळीत गेली. मग आमच्या भाड्याच्या सर्व्हरशेजारी, त्याच डेटासेंटरच्या त्याच आयपी पट्ट्यात, कोणीतरी स्पॅमचा कारखाना थाटला आणि स्पॅम धाडणाऱ्या आयपींच्या काळ्या यादीत अख्खा पट्टा गेला. आमच्या यंत्रातून एकही वावगी मेल गेलेली नव्हती, तरी मोठ्या मेल कंपन्यांकडून आधी ४२१ (आत्ता नको) आणि मग थेट ५५० (कायमचा नकार) येऊ लागले. डिफर्ड रांग, म्हणजे पुन्हा पाठवायच्या मेलची रांग, तासातासाला फुगत होती. डेटासेंटरवाले ‘तिकीट नोंदवले आहे’ एवढेच सांगत राहिले. त्याच आठवड्यात आमच्या एका स्पर्धकाने आमच्या ग्राहकांना पत्रे धाडली की गुप्त पत्ते देणारे सर्व्हर म्हणजे स्पॅमचे अड्डे. हा स्पर्धक स्वतः प्रत्येक मेलच्या तळाशी आपली जाहिरात चिकटवत असे आणि विषयात ‘स्पॅम?’ असा शेरा घालत असे, ज्याने मूळ डीकेआयएम सही (मेल वाटेत बदललेली नाही याची प्रेषकाच्या डोमेनची खूण) मोडते आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करायचे हा प्रेषकाच्या डोमेनचा नियम) कडक असेल तिथे चांगली मेलही परत जाते. त्या पत्रावर विश्वास ठेवून निम्मे ग्राहक गेले, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. वकीलबाईंनी मात्र पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ भरले. भागीदारांनी स्वतःची ठेव मोडली. आम्ही स्वतंत्र आयपी घेतले, पीटीआर नोंदी (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणाऱ्या) नीट लावल्या आणि रोज थोडी थोडी मेल सोडत नव्या पत्त्यांची पत पुन्हा उभी केली.

या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्यांना, त्यांनी विचारले नसले तरी, दोन गोष्टी सांगतो. नको असलेली मेल एसएमटीपी संवाद, म्हणजे दोन सर्व्हरमधली मेलची देवाणघेवाण, चालू असतानाच नाकारा. एकदा २५० (‘मिळाली’) म्हणून स्वीकारली आणि मग बाउन्स, म्हणजे पोहोच न झाल्याची परतमेल, पाठवला, तर तो बाउन्स ज्याचा पत्ता चोरून वापरला गेला त्या निरपराध माणसाच्या पेटीत पडतो. आणि स्पॅमहाउस या संस्थेची काळी यादी गूगलच्या ८.८.८.८सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून (नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सेवेतून) विचारू नका. तिथून १२७.२५५.२५५.२५४ असे त्रुटीचे उत्तर येते, आणि कोणतेही उत्तर म्हणजे काळी यादी असे समजणारी मांडणी सगळीच मेल परत पाठवते.

आज मेल पुढे धाडताना आम्ही एआरसीची मोहोर (आमच्याकडे येताना मेल तपासणीत कशी ठरली याची नोंद) लावतो आणि मजकुराला हात लावत नाही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. या प्रमाणाचा आमचा आलेख आम्ही रोज सकाळी पाहतो. मात्र काही संकेतस्थळे आजही आमच्या डोमेनला ‘तात्पुरता पत्ता’ ठरवून नोंदणी नाकारतात. आमचे आडपत्ते ग्राहक वर्षानुवर्षे वापरतात, हे आम्ही त्यांना लेखी कळवतो. बरेच जण ऐकतात; जे ऐकत नाहीत त्यांना आम्ही दर तिमाहीस पुन्हा पत्र धाडतो.