धुकं नाही ते, धूर आहे

आपल्या मराठवाड्यात डिसेंबर ते मार्च सकाळी आभाळ पांढुरकं दिसलं की सगळे सरसकट म्हणतात धुकं पडलंय, पण अकरा वाजले तरी ते हटत नाही, लांबची झाडं फिकट दिसतात, घसा खवखवतो, मग ते धुकं कसलं? तो धूर आहे का धूळ आणि आला कुठून हे मोबाइलवर फुकट बघता येतं, आणि माझं तर ठाम मत आहे की पावसाचा अंदाज जसा घराघरात बघतात तसं हे पण बघायला पाहिजे.

नासाची वर्ल्डव्ह्यू नावाची साइट आहे. टेरा, अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२० असे उपग्रह रोज आपल्यावरून जातात, त्यांचे फोटो काही तासात तिथं येतात, आणि तारीख मागं नेत नेत पार २००० सालापर्यंत जाता येतं. मी आधी नाथसागर शोधतो. स्वच्छ हवेत जायकवाडीच्या पाण्याच्या कडा एकदम ठळक दिसतात, हवा खराब असली की त्याच कडा पुसट होतात. ढग पांढरेशुभ्र, धुराला निळसर राखाडी छटा, धूळ पिवळट मातकट. जमिनीवर धूळ ओळखणं अवघड जातं कारण खाली पण मातीच, समुद्रावर मात्र लगेच कळते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूनं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून आलं आणि २३ तारखेला मुंबईत सगळं धुरकट झालं, गाड्यांवर पांढरी पावडर बसली. ते फोटो काढून बघा, निळ्या समुद्रावर मातकट पट्टा सरळ दिसतो.

पण मला जास्त काळजी आपल्याच धुराची. ऊस तुटून गेला की पाचट पेटवायचं, उन्हाळ्यात बांध पेटवायचे, पऱ्हाटीचे ढीग पेटवायचे. फर्म्स नावाचा नासाचाच आगीचा नकाशा आहे, त्यावर लाल ठिपके दिसतात. सुओमी एनपीपी, नोआ-२० वरच्या व्हिअर्स या कॅमेऱ्याच्या फोटोतला सगळ्यात छोटा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकर, तरी त्यातला छोटा फड पेटला तरी ठिपका उमटू शकतो, कारण उपग्रह तिथं उष्णता पकडतो. हो पण तो त्या वेळेला वरून जात असला पाहिजे! व्हिअर्सवाले उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास येतात. आपल्याकडं पाचट पेटवतात दिवस मावळताना, वारा पडल्यावर, आणि ते तासाभरात जळून विझतं. म्हणजे नकाशावर ठिपका नाही आणि गावभर धूर. इन्सॅट हा भारताचा हवामानाचा उपग्रह दर अर्ध्या तासाला फोटो काढतो खरा, पण तो ३६,००० किलोमीटरवर, त्याचा उष्णतेचा चौकोन चार किलोमीटरचा, त्यात एवढा फड कुठं सापडणार. म्हणून ठिपके कमी दिसले की आपल्याकडं जाळत नाहीत असं कुणी म्हणलं तर मला ते पटत नाही.

अजून एक. उपग्रह वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकदम बघतो, त्यामुळं दोन-तीन किलोमीटर उंचीवरून लांबचा धूर चालला असला तरी फोटो खराब दिसतो आणि आपल्याला खाली काहीच जाणवत नाही. उलट थंडीत रात्रीचा धूर जमिनीलगत दाबून राहतो, म्हातारी माणसं खोकत असतात आणि वरून तो थर पातळ दिसतो. ढग आले तर विषयच संपला, पावसाळ्यात कित्येक दिवस काहीच कळत नाही.

हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं उसाचं. कुट्टी करून सरीतच ठेवलं तर ओल टिकते आणि खोडव्याला खत होतं, हे मी घरी दरवर्षी बोलतो, काका ऐकतात पण पेटवतात, कारण कुट्टीचं मशीन वेळेवर मिळत नाही आणि त्यांची ती अडचण खरी आहे. म्हणून ऊसवाल्या प्रत्येक गावात सीझनला कुट्टी मशीन पाहिजे आणि तालुक्याच्या ठिकाणी हवा मोजायचं यंत्र पाहिजे, उपग्रहाला न दिसलेला संध्याकाळचा धूर त्यात तरी नोंदला जाईल.